पाय कुठं होता?

आमच्या गावच्या क्रिकेटमध्ये अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असतो. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो मोडायची हिंमतही आजवर कुणी केलेली नाही. फिल्डिंगवाल्यांचे सगळे गडी शेतभर पांगलेले असतात आणि बॅटिंगवाल्यांचे आठ-नऊ जण मोहाच्या झाडाखाली रिकामे बसलेले असतात. त्यातला जो नुकताच शून्यावर बाद होऊन साऱ्या जगावर चिडलेला असतो, त्याला अंपायर करतात. एलबीडब्ल्यू आम्ही ठेवलेलं नाही, कारण त्यावरून एकदा दोन चुलत घराण्यांचं लग्नाचं जेवण वेगवेगळं झालं होतं. वाइडवर आमचं एकमत होत नाही. त्यामुळे या चिडलेल्या माणसाला पाहायला एकच गोष्ट उरते, बोलरचा पाय.

पाय रेघेच्या पुढं पडला की नोबॉल. इथपर्यंत आमचं आणि लंडनच्या एमसीसीचं जमतं. पुढचा प्रश्न असा की रेघ कुठं आहे? बॅटिंगच्या बाजूला बांबूच्या तीन काड्या असतात. बोलिंगच्या बाजूला असते एक चप्पल. बहुधा अंपायरचीच, उजव्या पायाची. डावी घालून तो उभा असतो. ही चप्पल सजीव आहे असा माझा जुना संशय आहे. नाणेफेकीच्या वेळी ती जिथं असते तिथं पाचव्या षटकात नसते. ज्यांची बॅटिंग त्यांच्या सोयीनं ती अंपायरच्या टाचेमागून हळूहळू मागं सरकत जाते, आणि एका क्षणी बोलरच्या लक्षात येतं की आपण स्टंपाच्या जागेच्याही मागून बोलिंग टाकतोय.

"नोबॉल!"

"कोन पायलन?"

"मी पायलो ना गा!"

"तू तं मोबाइल पायत होतास."

"एक डोरा मोबाइलवर होता. एक तुझ्या पायावर."

परगावच्या वाचकासाठी सांगतो, आमच्या झाडीबोलीत ळ नाही. त्याचा र होतो. डोळ्याचा डोरा, काळ्याचा कारा आणि खेळाचा खेर. भांडणात मात्र ळ नसल्यामुळे बोली भांडणाला अधिकच सोयीची झाली आहे. जीभ कुठं वळवावी लागत नाही, सरळ पुढं जाता येतं.

हे सगळं धान निघाल्यावरचं. दिवाळी झाली, मंडईची जत्रा झाली, रात्रभराची नाटकं पाहून झोप पुरी झाली की बांध्या मोकळ्या होतात. भंडारा जिल्हा म्हणजे तलाव आणि धान. धानाला पाणी उभं राहावं लागतं, म्हणून शेताचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याभोवती मातीचा बांध घालतात. तुकडा म्हणजे बांधी आणि बांध म्हणजे धुरा. आता धुरा ही वस्तू नीट समजून घ्या, कारण पुढं तिच्यावाचून अडेल. धुरा दोघांचा असतो. म्हणजे कुणाचाच नसतो. दरवर्षी रोवणीच्या आधी अलीकडचा शेतकरी फावडं घेऊन धुऱ्याची आपल्याकडची कड 'साफ' करतो. चार बोटं माती निघते. पलीकडचाही तेच करतो, त्याचीही चार बोटं. काही वर्षांत धुरा असा बारीक होतो की त्यावरून जाणाऱ्या माणसाला दोन्ही हात पसरून डोंबाऱ्यासारखं चालावं लागतं. मग एक दिवस पावसात तो फुटतो आणि दोन्ही घरची माणसं सांगतात की आपण तर त्याला हातही लावला नव्हता.

अशा मातीत वाढलेल्या माणसाला रेघेवर पडलेला पाय ही किरकोळ चूक वाटत नाही. त्याला ते अतिक्रमण वाटतं.

तसं आम्ही एकटेच पायाकडे बघतो असं नाही. 18 जून 2017 रोजी लंडनला ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना होता. आमच्या पानठेल्यावरच्या टीव्हीसमोर चाळीसेक माणसं होती. बुमराहच्या चेंडूवर फखर जमानचा झेल धोनीनं घेतला. फखरच्या तीन धावा होत्या. आम्ही उठलो, ओरडलो, एकानं हातातला चहा दुसऱ्याच्या सदऱ्यावर सांडला आणि दुसऱ्यानं त्याला माफही केलं. मग टीव्हीवर पाय दाखवला. बुमराहचा पाय रेघेच्या पुढं. फखरनं पुढं 114 केल्या, पाकिस्तानच्या 338 झाल्या आणि आपण 180 धावांनी हरलो. सदऱ्याची माफी तिथल्या तिथं रद्द झाली. जयपूरच्या वाहतूक पोलिसांनी पुढं तो पाय फलकावर छापला, गाड्या रेघेच्या मागं थांबवा म्हणून. बुमराहला ते लागलं. लागणारच. पण आमच्या गावात पोलिसांची बाजू घेणारे निघाले, आणि ते सगळे बॅट्समन होते.

त्याआधीचं वानखेडेवरचं दुःख तर महाराष्ट्राच्या घरातलं. 31 मार्च 2016, ट्वेंटी-20 विश्वचषकाची उपांत्य फेरी. लेंडल सिमन्स एकदा अश्विनच्या आणि एकदा हार्दिक पांड्याच्या चेंडूवर झेलबाद झाला आणि दोन्ही वेळा नोबॉल निघाला. तो नाबाद 82 करून गेला आणि वेस्ट इंडीज जिंकलं. अश्विन फिरकीवाला. चार पावलं चालत येणाऱ्या माणसाचा पाय पुढं जातोच कसा, हा प्रश्न आमच्याकडे अजून सुटलेला नाही. वेगवान बोलरला आम्ही क्षमा करतो. बैल सुटला की दोन पावलं जास्त जाणारच. फिरकीवाल्याला क्षमा नाही. तो विचार करून चुकतो.

एक गमतीची गोष्ट मला उशिरा कळली. पुढच्या पायाचा हा नियम क्रिकेटमध्ये पहिल्यापासून नव्हता. पूर्वी मागचा पाय बघत. चेंडू टाकतेवेळी मागचा पाय रेघेमागं असला की झालं. माणूस तो माणूस. बोलर मागचा पाय रेघेमागं टेकवायचे खरे, पण टेकवून तो जमिनीवरून फरफटत पुढं न्यायचे आणि चेंडू सोडेपर्यंत बॅट्समनच्या अंगणात पोचायचे. 1958-59 च्या अॅशेस मालिकेत ऑस्ट्रेलियाच्या गॉर्डन रोर्कनं यात इतकी प्रगती केली की इंग्लंडवाले हैराण झाले. अशा फरफट्या बोलरांसाठी काही अंपायर रेघेच्या मागं जमिनीवर एक चकती ठेवत : तुमचा पाय हिच्यामागं पडला पाहिजे, म्हणजे फरफटून रेघेपर्यंतच याल. शेवटी साठच्या दशकात मागच्या पायाचा नाद सोडून पुढचा पाय बघायचं ठरलं. त्या पायाचा काही तरी भाग, टेकलेला असो की अधांतरी, बॅट्समनच्या रेघेच्या मागं हवा. स्टंपांपासून ती रेघ चार फूट पुढं. हे सगळं वाचल्यावर मला आमच्या चप्पलेबद्दल एकदम आदर वाटायला लागला. तिचे पूर्वज इंग्लंडात होते.

आता मोठ्या सामन्यांत तो पाय टीव्हीसमोर बसलेला तिसरा अंपायर बघतो. जागतिक स्पर्धांत ही पद्धत 2020 च्या महिला ट्वेंटी-20 विश्वचषकापासून आली. आमच्याकडे तिसरा अंपायर पूर्वीपासून आहे. तो मोहाखाली बसून तंबाखू मळतो, वय ऐंशीच्या पुढं, आणि कुणीही विचारलं नसताना निकाल देतो.

माझी स्वतःची पायाची जखम मात्र क्रिकेटची नाही. ती गोळ्याची आहे. नववीत असताना मी तालुक्याच्या शाळांच्या खेळांत गोळाफेकीत उतरलो. उतरलो म्हणजे उतरवलं गेलो. मी वर्गात सर्वांत जाड होतो आणि जाड मुलानं गोळा फेकायचा असतो असं शारीरिक शिक्षणाचं एक अलिखित कलम आहे. मैदानावर खुंटी ठोकून, दोरी फिरवून, फक्कीनं वर्तुळ आखलेलं होतं. खऱ्या नियमात ते 2.135 मीटर व्यासाचं असतं. आमचं किती होतं ते दोरी धरणाऱ्या शिपायाच्या हाताच्या लांबीवर होतं. पुढच्या बाजूला लाकडी अडणी असते, तिथं आम्ही चिरलेला बांबू ठेवला होता.

दोन फेकी अशाच गेल्या. तिसऱ्या फेकीला काय झालं देव जाणे. गोळा हातातून सुटला तो सुटलाच. वर गेला, ऊन लागून चमकला, आणि मोजपट्टी धरून बसलेल्या दोन पोरांच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन थप्प पडला. पोरं पळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जन्मात प्रथमच माझ्या जाडीसाठी कुणी टाळ्या वाजवत होतं. मी आनंदानं पुढं धावलो, गोळा कुठं पडला ते बघायला.

"फाऊल," पंच म्हणाले.

मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणताहेत. मग कळलं की गोळा फेकून झाल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचं असतं. पुढून पडलं की फेक बाद. गोळा पडलेला आहे, खड्डा पडलेला आहे, पोरं अजून पळताहेत, आणि तरी ती फेक झालेलीच नाही. आनंद झाला तर तो मागच्या दारानं बाहेर नेऊन साजरा करायचा, असा हा नियम. मी पंचांना म्हटलं, "सर, पण गोळा तर..." ते म्हणाले, "गोळ्याचं सोड, तुझा पाय कुठं होता?"

त्या दिवसापासून कुणीही काही फेकताना दिसलं की मी खाली बघतो. लोक हात बघतात, खांदा बघतात, भाला कुठवर गेला ते बघतात. मी पाय बघतो. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री पॅरिसमध्ये नीरज चोप्रानं 89.45 मीटर भाला फेकून रौप्य मिळवलं तेव्हा देश त्या आकड्याकडे बघत होता, आणि मी बघत होतो लाल झेंड्याकडे. सहा फेकी, त्यातल्या पाच फाऊल. एकच ग्राह्य आणि त्या एकीवर चांदी. पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं 92.97 फेकून सोनं नेलं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मी हे पाच फाऊल सांगितले तेव्हा एक जण म्हणाला, "पाच फाऊल अना चांदी? आपल्या इथं एक फाऊल झाला तं सामना बंद पडते, जी." दुसऱ्याला मी समजावलं की भाला मनासारखा गेला नाही तर फेकणारा कधी कधी मुद्दामच रेघ ओलांडतो, म्हणजे ती फेक मोजलीच जात नाही. त्यानं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "म्हंजे खराब काम केलं तं स्वतःच जाऊन सांगाचा, का हे धरू नका?" आणि तो इतका गंभीर झाला की तंबाखूचा विडा हातातच राहिला. तो ठेकेदारी करतो.

आता मुख्य गोष्ट. मागच्या डिसेंबरात माझा भाचा आला. तो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि मधे दोन वर्षं अमेरिकेत राहून आला आहे. येताना त्यानं पिशवीभर प्लॅस्टिकच्या थाळ्या आणल्या. बायकोला वाटलं, पंगतीसाठी. तो म्हणाला, "मामी, हे डिस्क गोल्फ आहे." दूर जाणाऱ्या थाळीला ड्रायव्हर म्हणतात, जवळच्या थाळीला पटर. आमच्या गावच्या माजी सरपंचांनी, काकाजींनी, ड्रायव्हर हातात घेऊन उलटीपालटी केली आणि विचारलं, "मंग गाडी कोठी आहे?"

खेळ साधा आहे. दूर एका खांबाला टोपली असते, टोपलीवर साखळ्या लोंबत असतात. थाळी फेकायची. ती जिथं पडेल तिथून पुन्हा फेकायची. साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की झालं. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. टोपली आम्ही बुरडाकडून आणली आणि साखळ्यांऐवजी शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलाच्या घुंगरमाळा लावल्या. थाळी लागली की असा आवाज यायचा की रस्त्यानं जाणारी माणसं पट सुटला समजून वळून बघायची.

ही साखळीची टोपली काढली एड हेड्रिक नावाच्या माणसानं. कॅलिफोर्नियात 1975 साली त्यानं पहिलं मैदान आखलं आणि पुढच्या वर्षी खेळाची संघटना काढली. 2002 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून थाळ्या केल्या. भाच्यानं हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. काकाजींनी हातातली थाळी हळूच जमिनीवर ठेवली आणि विचारलं, "यात कोन आहे?"

कुणीच नाही, ही दुकानातली आहे, असं तीनदा सांगितल्यावर त्यांनी ती पुन्हा उचलली. पण ते दिवसभर तिला आदरानंच वागवत होते. "वैनगंगा होती ना जवर," असं मात्र मधूनच म्हणायचे.

खेळ सुरू झाला. पहिली फेक छान. काकाजींचं मनगट विटी कोलून तयार झालेलं. त्यांची थाळी बांधीतल्या धसकटांवरून सरळ गेली आणि धानाच्या पुंजण्याला टेकून पडली. मग भाच्यानं नियम काढला. मला तिथंच कळायला हवं होतं.

नियम असा : थाळी पडली की तिच्या पुढच्या बाजूला एक छोटी चकती ठेवायची आणि थाळी उचलायची. पुढची फेक करताना तुमचा निदान एक पाय त्या चकतीच्या मागं एका आखीव जागेत टेकलेला हवा. जागा 20 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल. शाळेतली दगडी पाटी आडवी-उभी धरून बघा, साधारण तेवढीच. तिच्या पुढं टोपलीच्या दिशेला शरीराचा काहीही भाग टेकता कामा नये. धावत येऊन फेका, गिरकी घेऊन फेका, पण थाळी सुटते त्या क्षणी पाय पाटीवर पाहिजे. टोपली दहा मीटरच्या आत आली की आणखी कडक. फेकून झाल्यावर तोल सावरून उभं राहायचं. 'मी स्थिर आहे' हे जगाला दिसलं की मगच पुढं पाऊल टाकायचं. थाळी जाण्याच्या ओघात पुढं झेपावलात तर दंडाची एक फेक वाढली.

मी एकदम लहान झालो. वर्तुळ, फक्की, "सर, पण गोळा तर..." सगळं आठवलं. जगाच्या पाठीवर कुठंही जा, फेकीतला आनंद पुढच्या दारानं बाहेर पडू देत नाहीत.

चकती भाचा पुण्याला विसरला होता. तेव्हा चकती म्हणून काय ठेवलं असेल, हे सांगायला नको. माझी उजवी चप्पल.

"अंपायर कोन?" काकाजींनी विचारलं.

"अंपायर नसतो, आबा. आपणच एकमेकांचे पाय बघायचे. एकानं सांगायचं की पाय चुकला, आणि दुसऱ्या कुणी तरी त्याला दुजोरा द्यायचा. मगच तो चुकला."

काकाजींच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या सरपंचपदाच्या काळातही पाहिलं नव्हतं. "म्हंजे सूचक अना अनुमोदक!" ते म्हणाले. बस. त्या क्षणी डिस्क गोल्फ हा खेळ अमेरिकेतून सुटून कायमचा भंडारा जिल्ह्याचा झाला. ग्रामसभा, सेवा सहकारी संस्था, धानाचं केंद्र कुठं उघडायचं याची बैठक, सगळीकडे आमचा माणूस आयुष्यभर हेच करत आलेला आहे. ठराव कशाचा आहे हे माहीत नसलं तरी चालतं. सूचक कोण हे बघून अनुमोदन द्यायचं असतं.

अर्ध्या तासात दोन गट पडले. आमच्या गटात मी आणि मोहाखालचा तिसरा अंपायर. त्यांच्या गटात काकाजी आणि लाखोरीचं पीक राखायला आलेला त्यांचा गडी. भाचा नियमांचा माणूस म्हणून तटस्थ. काकाजींनी फेकलं की मी म्हणायचं, "पाय पुढं होता," आणि तिसऱ्या अंपायरनं झोपेतून अनुमोदन द्यायचं. मी फेकलं की काकाजींनी सूचना मांडायची आणि गड्यानं, पुंजण्यामागून, मला न बघता, "हो जी, होता" म्हणायचं. पहिल्या टोपलीपर्यंत माझ्या एकूण सतरा फेकी झाल्या. त्यातल्या आठ मी फेकलेल्याच नव्हत्या.

थाळीकडे आता कुणीच बघत नव्हतं. एक बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, गेली. एक लाखोरीत गेली, तिथं एका बकरीनं तिची कड चाखून बघितली. भाचा तिच्यामागं पळाला. आम्ही मात्र चौघंही माझ्या चप्पलेभोवती वाकून बसलो होतो, जसे पंचनाम्याला बसतात. काकाजींनी उमटलेला पाय दाखवला. मी म्हटलं, तो माझा पाय नाही, तो सकाळचा आहे, त्यात दव आहे. त्यांनी बोट लावून बघितलं. त्यांनी सुतळी मागवली. सुतळी नव्हती, म्हणून त्यांनी करदोडा धरून चप्पलेपासून टाचेपर्यंत माप घेतलं. गाठ मारली. मग टोपलीच्या दिशेनं तोंड करून डोळा बारीक केला आणि सरळ रेघ लावली, जशी रोवणीच्या वेळी दोरी लावतात तशी.

रोवणीचं आठवलं म्हणून सांगतो. आमच्या बाया चिखलात वाकून दिवसभर रोप लावतात आणि पावलागणिक मागं सरकतात. लावलेल्या रोपावर स्वतःचा पाय पडू नये म्हणून. हजारो पावलं उलटी, ओळीत, गाणं म्हणत, आणि कुणाच्या पायाखाली एक काडी मोडत नाही. त्यांना कुणी 20 गुणिले 30 ची पाटी दिलेली नाही. त्या दुपारी पलीकडच्या बांधीतून सरपणाची मोळी घेऊन दोघी चालल्या होत्या. त्या थांबल्या. चार वाढलेले पुरुष एका चप्पलेभोवती उकिडवे बसलेले त्यांनी पाहिले. एक दुसरीला म्हणाली, "विंचू निंगला वाटते, वो." आणि धुऱ्यावरून एका सरळ रेघेत निघून गेल्या.

त्या धुऱ्यावरून गेल्या म्हणूनच काकाजींचं लक्ष तिकडे गेलं. त्यांनी करदोडा आणखी लांब धरला. चप्पलेपासून धुऱ्यापर्यंत. परत धुऱ्यापासून चप्पलेपर्यंत. मी इथं सांगायचं विसरलो की ती बांधी माझी आणि पलीकडची लाखोरीची त्यांची.

"मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नाही, पण चष्मा आहे म्हणून ते म्हणतात. रागात आले की जास्त म्हणतात. "मास्तर, हा धुरा इथं नोयता."

"काकाजी, आपण पायाचं बोलत होतो."

"मी पायाचंच बोलतो जी. तुमचा पाय कोठी होता ते मंग पाहू. तुमच्या बाबाचा पाय कोठी होता ते आधी पाहू."

भाचा बोडीतून थाळी घेऊन वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलात होता. त्यानं उत्साहानं विचारलं की डाव किती झाला. त्याला कुणीच काही सांगितलं नाही. गड्याला बांबू आणायला पाठवलं होतं. तिसरा अंपायर मोहाखालून उठून आला होता आणि 1962 चा दुष्काळ की 1965 चा, त्या साली हा धुरा कुणी घातला याची साक्ष देत होता, आणि दोन्ही बाजूंना अनुमोदन देत होता. सूर्य पुंजण्यामागं गेला. घुंगरमाळा वाऱ्यानं एकदा वाजल्या. भाच्यानं टोपलीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि एकटाच थाळ्या गोळा करायला लागला.

अंधार पडल्यावर मी घरी आलो. दारात बायकोनं माझ्या पायाकडे बघितलं. डावी चप्पल होती, उजवी नव्हती.

सकाळी आणायला गेलो. चप्पल होती तिथंच होती. पण तिच्याभोवती फक्कीनं गोल काढलेला होता, तालुक्याच्या खेळांतल्यासारखा, चांगला हात फिरवून, आणि शेजारी काकाजी धसकटांवर घोंगडी टाकून बसलेले.

"हात लावू नका जी," ते म्हणाले. "मोजणी होईस्तोवर ती खून आहे."